लाल कोळी आणि चुकीची फवारणी

उन्हाळ्यात गुलाबाच्या, भेंडीच्या पानांवर बारीक पांढुरके ठिपके पडून ती फिकी दिसू लागली, की बहुतेक जण जालीम कीटकनाशक आणतात आणि तिथेच बिघडते. पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले, पानामागे तलम जाळे दिसले, तर तो लाल कोळी. त्याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हेच. म्हणून कीटकांवरची बरीच औषधे त्याला लागू पडत नाहीत. उलट पायरेथ्रॉइडच्या फवारणीने त्याला खाणारे भक्षक कोळी आणि ढालकिडे मरतात, आणि उष्ण, कोरड्या हवेत जेमतेम आठवडा-दीड आठवड्यात पिढी पुरी करणाऱ्या या जिवाला मोकळे रान मिळते. औषधाशिवाय भागत नाही, असे कोणी म्हणेल. प्रादुर्भाव फार वाढला असेल तर ते खरेही आहे. तेव्हा पाण्यात मिसळणारे गंधक पाकिटावरच्या प्रमाणात, ऊन उतरल्यावर फवारावे, कारण कडक उन्हात त्याने पाने करपतात. पण कुंडीतल्या चार झाडांसाठी आधी दोन-तीन दिवसांआड सकाळी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहा.