बातमी ऑपरेशनपर्यंतच, त्यानंतरच्या घराचं काय?

जानेवारी २०२५ मध्ये आपला बुलढाणा जिल्हा दोन कारणांनी देशभर गाजला. एक म्हणजे शेगाव तालुक्यातल्या गावांमधली केसगळती. दुसरं म्हणजे 'बाळाच्या पोटात बाळ'. बुलढाण्याच्या शासकीय स्त्री रुग्णालयात पस्तीस आठवड्यांच्या एका गरोदर मातेची सोनोग्राफी झाली आणि पोटातल्या गर्भाच्या आतच आणखी एक गर्भ दिसला. साधारण पाच लाख जन्मांमागे एखादी अशी केस होते, असं डॉक्टर सांगतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बाळ जन्मलं. त्याला अमरावतीच्या शासकीय रुग्णालयात हलवलं आणि वयाच्या अवघ्या तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पोटातून एक नाही, दोन गर्भ निघाले. टीव्हीवाले आले, फोटो आले, मोबाईलवर 'कुदरत का करिश्मा' म्हणून व्हिडिओ फिरले.

सरकारी डॉक्टरांनी हे केलं, याचं कौतुक व्हायलाच हवं. जिल्ह्याच्या ठिकाणी वेळेत निदान होणं, सुमारे दोनशे किलोमीटरवर तीन दिवसांच्या बाळाचं ऑपरेशन होणं, तेही सरकारी यंत्रणेत, ही साधी गोष्ट नाही. त्या घराबद्दल मला काही लिहायचं नाही, त्यांना त्यांच्या जागी शांतपणे राहू द्यावं. पण ती बातमी वाचताना माझ्या मनात एक वेगळाच प्रश्न आला. अशी बाळं आपल्या जिल्ह्यात दरवर्षी जन्मतात. कुणाच्या हृदयाला छिद्र, कुणाच्या डोक्यात पाणी, कुणी जन्मताच रडलं नाही म्हणून मेंदूला मार बसलेला, कुणाला थॅलेसेमिया. काहींचं ऑपरेशन होतं, काही महिनाभर काचेच्या पेटीत राहून घरी येतात. आणि घरी आल्यावर? तिथून पुढे ना कॅमेरा असतो, ना योजना, ना (खरं बोलायचं तर) आपण.

हा प्रश्न मला दवाखान्यात नाही, शाळेच्या हजेरीपटावर दिसला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. सहावीतली एक हुशार मुलगी आठवड्यातून दोनदा, मग तीनदा गैरहजर राहायला लागली. विचारलं तर म्हणाली, "आपा, कल मैं नई आती. भाई कू अकोला लेके जाना है." आई-वडील भावाला घेऊन जाणार, मधल्या दोघांना सांभाळायला ही घरी. एकदा तिची गणिताची वही तपासायला घेतली. मागच्या पानांवर हिशेब होता, पण गणिताचा नाही: ६ वाजता ६० मिली, ९ वाजता ५५, उलटी, १२ वाजता ६०. मी त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेले.

पाच महिन्यांचं बाळ. जन्मताच रडलं नव्हतं, मग झटके आले, महिनाभर दवाखान्यात होतं. गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी. आईचं दूध काढायचं, सिरिंजमध्ये घ्यायचं, बाळाचं डोकं उंच धरून हळूहळू उतरू द्यायचं. त्याआधी नळी जागेवर आहे का, तिच्यावरची खूण सरकली तर नाही ना, ते बघायचं. घाई केली तर दूध छातीत जाण्याची भीती. हे दर तीन तासांनी, म्हणजे दिवसातून आठ वेळा, रात्री धरून. शिवाय झटक्याचं औषध ठरलेल्या वेळी, कफ झाला की वाफ, आणि वाफ द्यायला बसलं की नेमकी लाईट जाते. वडील खामगावला जिनिंगमध्ये कामाला. ज्या दिवशी अकोला, त्या दिवशी मजुरी नाही. एसटीत बाळ फुकट, आईला २०२३ पासून अर्धं तिकीट, वडिलांचं पूर्ण. पण तिकीट हा त्यातला लहान खर्च. दोन वेळचं बाहेरचं खाणं, दवाखान्याबाहेरून आणायचं औषध, आणि बुडालेला दिवस.

आता कुणी म्हणेल, सरकार एवढ्या योजना देतं की. देतं, आणि त्या आपण नीट समजून घेतल्या पाहिजेत, कारण निम्म्या घरांना त्या माहीतच नसतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता रेशनकार्ड असलेल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात पुढे वाढ होऊन एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात औषधं, तपासण्या आणि घरून दवाखान्यात ने-आण मोफत झाली. ज्या घरांनी खासगी गाडीला हजारो रुपये मोजले त्यांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांचे चेहरे बघवले नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर आपल्याच राज्यातून, पालघरहून, फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतं. हृदयाची ऑपरेशनं त्यातून होतात. मोठ्या धर्मादाय दवाखान्यांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, हाही नियम आहे.

पण या सगळ्याची रचना बघा. पैसा दवाखान्यात भरती झाल्यावर आहे, ऑपरेशनला आहे. बाळ घरी आलं की योजना संपते. आशाताई नवजात बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांपर्यंत सहा वेळा येते, मग तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी एकदा. ही घरभेटीची कल्पना मुळात गडचिरोलीची. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ती तिथल्या गावांत राबवली, आणि नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये जगासमोर आलं. म्हणजे दवाखान्यापेक्षा घर किती महत्त्वाचं आहे, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिलं होतं. पण ती आशाताई वजन, ताप, स्तनपान बघते. नाकातली नळी, डोक्यातला शंट, ऑक्सिजन हे तिला कोण शिकवणार? तिच्या मानधनाची रडकथा वेगळीच.

मेंदूला मार बसलेल्या बाळाला खरी गरज असते थेरपीची, तीही पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची रचना आहे. एकाच जागी बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवण तज्ज्ञ, विशेष शिक्षक. कागदावर उत्तम. पण संग्रामपूर तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून बाळाला घेऊन बुलढाणा गाठायला अर्धा दिवस लागतो. थेरपी महिन्यातून एकदा करून काय उपयोग? आमची मागणी साधी आहे. आठवड्यातला एक ठरलेला दिवस फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, शंभर विद्यार्थ्यांची क्षमता आहे. त्या निमित्ताने बालविभाग वाढणार असेल तर ही गोष्ट आत्ताच मांडायला हवी, इमारतीचे नकाशे मंजूर झाल्यावर नाही.

एकरकमी पैशाची सवय फक्त आपल्या जिल्ह्यातली नाही. एसएमए नावाचा आजार आठवा. बाळाचे स्नायू कमजोर होत जातात, गिळणं आणि श्वास अवघड होतो. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईच्या एका बाळासाठी सोळा कोटींच्या इंजेक्शनची वर्गणी देशभरातून जमली, वरचा कोट्यवधींचा आयातकर सरकारने माफ केला. त्याच वर्षी पिंपरीच्या एका चिमुकलीला तेच इंजेक्शन मिळालं, आणि दीड-दोन महिन्यांत ती गेली. इंजेक्शन देऊनही बाळाला श्वासाची, गिळण्याची, रोजच्या देखरेखीची गरज राहतेच, हे तेव्हा कितींनी लक्षात घेतलं? केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणात आता पन्नास लाखांपर्यंत मदत आहे, मुंबईचं केईएम त्यासाठीचं एक केंद्र आहे. पण औषध आयुष्यभराचं आणि मर्यादा पन्नास लाखांची. ती संपली की घरच्यांनी पुन्हा कोर्टाचं दार वाजवायचं. खरा बदल झाला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये. एसएमएवर तोंडाने घ्यायचं रिस्डिप्लाम हे औषध भारतीय कंपनी नॅटकोने विकू नये म्हणून रोश कंपनी कोर्टात गेली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने तिचं ऐकलं नाही, मग सर्वोच्च न्यायालयानेही नाही. जी बाटली सहा लाखांच्या आसपास होती तिची भारतीय आवृत्ती १५,९०० रुपयांना आली. सोळा कोटींची वर्गणी ही बातमी झाली. ही दुसरी गोष्ट आपल्या किती ग्रुपवर आली? माझ्या तरी एकाही नाही.

आणि आता आपल्याकडे येते, कारण सरकारला बोलणं सोपं आहे.

आपली कौम देण्यात मागे नाही. ऑपरेशनचा आकडा आणि बाळाचा नळ्या लावलेला फोटो ग्रुपवर पडला की दोन दिवसांत लाख-दीड लाख जमतात. मी स्वतः पाहिलंय. पण त्याच बाळाला महिन्याला तीन हजार लागतात, ते कुणाला दिसत नाहीत, कारण त्याचा फोटो निघत नाही. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. दवाखान्यापायी आईची बाळी गहाण ठेवलेलं घर त्यात बसतं की नाही, हे आपल्या आलिमांना विचारा. बैतुलमालमधून अशा चार-पाच घरांना बांधून दरमहा रक्कम देता येईल, रमजानची वाट न पाहता.

पैशापेक्षाही जड दुसरं आहे. बाळ असं जन्मलं की पहिला सवाल आईला. ग्रहणात सुरी धरली होती का, नजर लागली का, काय खाल्लं होतं. त्या घरातल्या दादीने माझ्यासमोर सुनेला ऐकवलं, आणि कुणीतरी मुलाच्या कानात दुसऱ्या लग्नाची गोष्टही घातली होती. जन्मताना बाळाला ऑक्सिजन कमी पडला यात ग्रहणाचा काय संबंध? थॅलेसेमिया किंवा एसएमए सारखे आजार आई आणि बाप दोघांकडून येतात, एकटीकडून नाही. दोघे वाहक असले तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता, मग बायको बदलून काय होणार, विचार करा. जवळच्या नात्यात लग्नं करताना ही शक्यता वाढते, हेही आपण घरात बोललं पाहिजे. थॅलेसेमियाचा वाहक रक्ताच्या साध्या तपासणीत कळतो, आणि ती निकाहाआधी करण्यात कुणाची इज्जत जात नाही. यावर मला लोक बोलतील. बोलू देत.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हिमाचलच्या एका सरकारी प्राध्यापिकेच्या प्रकरणात म्हटलं की दिव्यांग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारणं हे तिच्या नोकरीतल्या बरोबरीच्या हक्कावर घाला आहे. वाचून बरं वाटलं. मग आठवलं, माझ्या विद्यार्थिनीची आई नोकरी करत नाही. तिला रजा कोण देणार? तिला रजा फक्त शेजारीण देऊ शकते.

तेवढंच आम्ही केलं. मोहल्ल्यातल्या दोघी, एक खाला आणि एक नुकतीच बारावी झालेली मुलगी, दवाखान्यात जाऊन नर्सकडून नळीने दूध द्यायला शिकल्या. शिकायला भीती वाटली, पहिल्या दिवशी खालाचे हात थरथरत होते. आता दुपारची बारा आणि तीनची वेळ त्यांची, तेवढ्यात आई झोपते. कागदपत्रांचं मी घेतलं. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डासाठी अर्ज केला, लहान वयात तात्पुरतं मिळतं. ते झालं की नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात नाव घालायचं. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांना त्यात वर्षाला एक लाखापर्यंत मिळतं, आणि महत्त्वाचं म्हणजे भरती न होता घेतलेली औषधं, थेरपी, थोडा प्रवासखर्चही त्यात बसतो. एका खिडकीवर दोनदा परत पाठवलं, आधार कार्डावर बाळाचं नाव नाही म्हणून. तिसऱ्यांदा काम झालं. पाच महिन्यांच्या बाळाच्या नावाने फाईल केवढी जाड होते, हे त्या वेळी कळलं.

मुलगी आता सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार शाळेत असते. मंगळवारी अकोला, त्या दिवशी अजूनही तिच्या नावापुढे गैरहजेरीच मांडावी लागते.