पैसा आमचा, सही कुणाची?

अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींच्या कॅसिनोंसाठी १९८८ चा केंद्रीय कायदा आहे. निव्वळ नफा पाचच कामांवर खर्चता येतो: जमातीचा कारभार, लोककल्याण, आर्थिक विकास, दानधर्म आणि स्थानिक शासनसंस्थांना मदत. तो माणशी वाटायचा तर आराखड्याला वॉशिंग्टनची मंजुरी लागते. लास वेगासच्या कॅसिनोमालकाला कर भरल्यावर असं कुणी विचारत नाही.

आपल्याकडेही नजर तीच. मांडवीतल्या कॅसिनोंचे मालक नफ्याचं काय करतात, हे सरकार विचारत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला मात्र २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळूनही, स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवान्याची वही हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. त्यासाठी केंद्रीय मंत्र्यांना गावात यावं लागलं. २०१५ पासून पेसा गावांना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के थेट निधी मिळतो, पण कोणत्या कामांवर खर्चायचा ती चौकट मुंबईत ठरते.

हिशेब नको, असं मी म्हणत नाही. पैसा सामूहिक आहे, तेव्हा पै-पैचा हिशेब हवाच. गावातल्या पुढाऱ्यांनी तो गिळू नये म्हणून तर जास्तच हवा. पण तो भरलेल्या ग्रामसभेत, बायांसमोर, भूमिहीनांसमोर द्यावा. खर्चानंतर हिशेब मागणं ही लोकशाही. खर्चाआधी साहेबाची सही मागणं ही पालकगिरी.

या पालकगिरीमागची समजूत जुनीच आहे: यांना पैसा कळत नाही. जातीने आम्हाला शतकानुशतकं हेच ऐकवलं. कायद्याने तरी ते बोलणं थांबवावं.