होस्टेलला कोण चाललंय, पोरगं की अख्खं घर?

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे मार्क येतात, कॅपच्या फेऱ्या संपतात, आणि शेतातला मका डोक्याएवढा झाला की आमच्या पिशोरात एक दृश्य हमखास दिसतं. भाड्याची जीप दारात उभी. टपावर गुंडाळलेली गादी, मागे बादली-मग, लाडू-चिवड्याचे डबे, लोणच्याची बरणी. आत आई, बाप, काका, मामा आणि एखादी आत्या. या सगळ्यांच्या मधे कुठंतरी अंग चोरून बसलेलं पोरगं. ज्याच्यासाठी एवढा लवाजमा, तेच सगळ्यांत गप्प!

मंडळी, माझी तक्रार या वऱ्हाडाबद्दल आहे. त्यामागच्या मायेबद्दल नाही. अद्रकीचे पैसे मोडून, सोसायटीचं कर्ज काढून लेकराला शिकवणाऱ्या माणसाला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण ही माया चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या जागी खर्च होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

होस्टेलवर पोहोचल्यावर काय होतं पाहा. फीच्या रांगेत बाप उभा राहतो. रेक्टरशी काका बोलतात. मामा कुलूप आणतो. आई खोली झाडते, गादी घालते, कपाट लावते. आणि पोरगं? ते मोबाईलमधे डोकं घालून भिंतीला टेकलेलं. कुणी विचारलं, "काय रे, शाखा कोणती?" तर ते बापाकडे बघतं! संध्याकाळी जीप परत फिरते. दुसऱ्या दिवशी त्याला कार्यालय कुठं ते माहीत नसतं, आणि कारकुनाशी दोन वाक्यं बोलायची हिंमत नसते. कालपर्यंत त्याच्या वतीनं सगळे बोलत होते ना!

गादी, बादली, दोरी, कुलूप हे सगळं संभाजीनगरात मिळतं. जे कुठल्याच दुकानात मिळत नाही ते मात्र कुणी बांधून देत नाही. स्वतःचे कपडे धुणं, दोन घास शिजवणं, महिन्याच्या पैशाचा हिशोब लिहिणं, बँकेत जाऊन स्वतःची स्लिप भरणं, ओटीपी कुणाला न सांगणं, ताप आला तर डॉक्टरकडे एकट्यानं जाणं. हे शिकवायला निकाल ते प्रवेश एवढे दोन-अडीच महिने हातात असतात. ते जातात सत्कारात आणि फ्लेक्सवर.

त्यातही मुलगा आणि मुलगी असा भेद आहेच. मुलीला दहाव्या वर्षीच भाकरी थापता येते. मुलाला अठराव्या वर्षी स्वतःचं ताट उचलता येत नाही. मग तो दर शनिवारी मळक्या कपड्यांचं गाठोडं घेऊन एसटीनं घरी येतो, आणि आई रविवारभर धुणं धुते. याला शिक्षण म्हणायचं का?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत आणि सगळी कामं स्वतःच्या हातानं करत. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. माया त्या माउलीला कमी होती, असं कोण म्हणेल? पण त्या मायेनं पोरांच्या हातातलं काम काढून घेतलं नाही.

अर्थात "आमच्या वेळी असं नव्हतं" हे पालुपद मी लावणार नाही. आमच्या वेळी पत्र्याची ट्रंक घेऊन एकटी गेलेली किती मुलं महिन्याभरात मुकाट्यानं परत आली, हे कुणी सांगत नाही. मदत हवीच. प्रश्न आहे कुठली.

पहिली मदत कागदांची. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आहे. अटी आहेत, अर्ज ऑनलाइन आहेत. उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणी, आधारला जोडलेलं बँक खातं हे वेळेत झालं नाही तर हक्काचा पैसा अडकतो. लाडवांच्या डब्यापेक्षा या फायलीची किंमत जास्त आहे. आणि अर्ज पोरानंच भरावा. तुम्ही शेजारी बसा.

दुसरी मदत सहीची. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र असतं, एक विद्यार्थ्याचं आणि एक पालकाचं. किती पालक ते वाचतात? "इथं सही करा" म्हटलं की करतात. २००९ साली हिमाचलातल्या टांडा इथल्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा मुलगा रॅगिंगच्या मारहाणीत गेला. त्याच वर्षी यूजीसीचे नियम आले, ही प्रतिज्ञापत्रं आली आणि १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आली. महाराष्ट्रात तर १९९९ पासूनच कायदा आहे. त्यात रॅगिंगला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रारीवर गप्प बसणारा संस्थाप्रमुखही त्यात सापडतो. हे सगळं पोराशेजारी बसून वाचा. त्याला दोन गोष्टी कळू द्या: कुणी छळलं तर आपण एकटे नाही, आणि पुढच्या वर्षी आपण कुणाला छळलं तर बापाचीही सही तिथं आहे.

तिसरी मदत सगळ्यांत अवघड, आणि त्यासाठी पैसा लागत नाही. जीप निघताना पोराला काय सांगितलं जातं? "बघ, तुझ्यासाठी कर्ज काढलंय." "गावात फ्लेक्स लागलाय, नाक कापू नकोस." अहो, हे ऐकून गेलेलं लेकरू पहिल्या परीक्षेत नापास झालं, किंवा कुणी त्याला रात्री दोनला उठवून नाचवलं, तर ते तुम्हाला फोन करेल? करणार नाही. "सगळं मजेत आहे" म्हणेल आणि आतल्या आत कुढत बसेल. त्याला एवढंच सांगा, "जमलं नाही तर घरी ये. शेत आहे, आम्ही आहोत, दुसरी वाट काढू." या एका वाक्यानं पोरगं बिघडत नाही. उलट टिकतं.

आणि मुलींचं? २०२४ साली सरकारनं ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क माफ केलं. तरी होस्टेलचं नाव निघालं की चुलते-मामे बैठक घेतात. पाठवलंच तर दिवसातून तीनदा व्हिडिओ कॉल आणि "एक जरी गोष्ट कानावर आली तर परत आणीन" ही धमकी. मग तिला कुणी त्रास दिला तर ती घरी सांगेल कशी? सांगितलं की शिक्षण बंद! म्हणजे धाक दाखवून तुम्ही तिला सुरक्षित केलं नाहीत, मुकी केलीत.

तर जायचं असेल तर जरूर जा, पण दोघंच जा. रांगेत त्याला उभं करा, बोलू त्याला द्या, गादी त्याची त्याला घालू द्या, वेडीवाकडी का होईना. तुम्ही फाटकाबाहेर चहा प्या. पोराला पोहणं शिकवायचं तर बापानं काठावर उभं राहावं लागतं, हे विहिरीवर पोहायला शिकलेल्या आपल्या गावाला मी काय सांगावं?

असो. राग आला असेल तर भांडा, मी घरीच असतो. फक्त भांडण्याआधी आपल्या पोराला एक शर्ट धुवायला लावा.