बांधावर बोलतो, माईकपुढे का गप्प?



गटऑफिसच्या कपाटात लागवडीची, खतांची, ठिबकची पुस्तके असतात. माणसांशी बोलावे-वागावे कसे हे सांगणारी पुस्तकेही तिथे असावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही मंडळी हसतील. "बोलायला काय शिकायचं? तोंड दिलंय की देवानं!" दिले आहे खरे. पण तोड लांबल्याचे गाऱ्हाणे बांधावर तासभर सांगणारा सभासद वार्षिक सर्वसाधारण सभेत माईकपुढे आला की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. क्रमपाळीत आपला ऊस मागे का गेला, हा त्याचा रास्त प्रश्न मनातच राहतो. अहवाल मंजूर होतो, सभा उठते. पुढची सभा थेट वर्षाने.

या विषयावरचे सर्वांत गाजलेले पुस्तक अमेरिकेतल्या डेल कार्नेगी यांचे. ते १९३६ साली निघाले. मराठीतही त्याचे भाषांतर झाले आहे. हे गृहस्थ काही बड्या घरचे नव्हेत. १८८८ साली मिसुरी राज्यात गरीब शेतकऱ्याच्या पोटी जन्मले. कॉलेजच्या गावात राहण्याचा खर्च झेपेना म्हणून शेतावरून घोड्याने जा-ये करीत. पुढे मांस, साबण, चरबी विकत फिरले, नाटकातही काम करून पाहिले. १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी रात्रीचा भाषणाचा वर्ग काढला. एकदा शिकवायचे संपले, तेव्हा त्यांनी वर्गाला सांगितले, ज्या गोष्टीचा राग येतो तिच्यावर बोला. आणि माणसे न भिता बोलू लागली!

आपल्या सभासदाने एवढे एक उचलले तरी पुस्तकाची किंमत वसूल झाली म्हणायची. सगळ्या कारखान्याच्या कारभारावर बोलायला जाऊ नका. ज्याची झळ तुम्हाला बसली तेच बोला. गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख आणि तोड किती दिवस लांबली, एवढे चिठ्ठीवर लिहून न्या. दोन मिनिटे पुष्कळ झाली. आदल्या रात्री घरात मोठ्याने म्हणून पाहा. कारभारीण हसली तर हसू द्या.

दुसरा उपयोग रोजच्या व्यवहारात. आतल्या अंगाच्या उसाला वाट शेजाऱ्याच्या रानातून. टोळी आली, ट्रॉली उभी आहे, आणि दोघांचे तोंडाला तोंड नाही. ऊस वाळतो, वजन घटते. कार्नेगी लिहितात की आपल्याला साय आणि स्ट्रॉबेरी आवडते, पण माशाला गळ टाकताना आपण गांडूळच लावतो. म्हणजे समोरच्याला काय हवे ते आधी पाहा. "मला वाट पाहिजे" म्हणण्याऐवजी "बापू, तुम्ही पाणी कधी देणार? त्याच्या आधी ट्रॉली काढून घेतो, चाकोऱ्याही ट्रॅक्टरनं मोडून देतो" असे म्हणून पाहा. ओल्या रानात ट्रॉली रुतली तर नुकसान बापूंचेही आहेच.

हे सगळे परदेशी शहाणपण आहे असेही नाही. समर्थांच्या दासबोधात मूर्खाची लक्षणे आहेत, उत्तम पुरुषाची आहेत, कीर्तन कसे करावे हेही आहे. पारायण करणारे आपल्यात पुष्कळ, पण पढतमूर्खाचा समास स्वतःला लावून पाहणारे थोडे. नव्या पुस्तकांचेही तसेच होते. माती परीक्षणाचा अहवाल आणून गाठोड्यात बांधून ठेवावा, तशी ती वाचून ठेवली जातात. एका वेळी एकच गोष्ट घ्यावी आणि महिनाभर करून पाहावी.

या पुस्तकांनी माणूस लबाड गोडबोल्या होतो, असा एक आक्षेप आहे. तशी पुस्तके बाजारात आहेत, नाही असे नाही. पण कार्नेगींनी खुशामत आणि मनापासूनची शाबासकी यांत फरक केला आहे. शिवाय गोड बोलून काटा मारणाऱ्याला आपला शेतकरी दोन हंगामांत ओळखतो.

पुस्तक आधी कोणी वाचावे म्हणाल, तर आम्हा शेतकी खात्याच्या लोकांनी. चिटबॉयपासून वरपर्यंत सगळ्यांनी. उन्हातून सायकल मारत आलेल्या सभासदाला "साहेब नाहीत, उद्या या" एवढेच सांगण्यापेक्षा "बसा आबा, पाणी घ्या. लागण कुठल्या तारखेची?" असे विचारून नोंदवही उघडली, तर निम्मी तक्रार तिथेच मिटते.