ताप उतरला, पण जंतू गेला का?

पावसाळा सरला की सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या अकोट भागात कापूस वेचणीसाठी मेळघाटातून मजूर कुटुंबे उतरतात. त्यातलाच एखादा तरुण थंडी वाजून ताप आला म्हणून दवाखान्यात येतो. रक्ततपासणीत हिवतापाचा ‘व्हायवॅक्स’ जंतू सापडतो. क्लोरोक्वीनच्या तीन दिवसांच्या गोळ्या घेऊन ताप उतरतो आणि तो वेचणीला लागतो. प्रायमाक्वीनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या मात्र पुडीतच राहतात. काही महिन्यांनी तोच तरुण, तोच ताप! वर तक्रार, “डॉक्टरसाहेब, तुमच्या गोळ्यायनं गुन नाही आला.”

गुण आला होता. पण व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात दडून बसतात. क्लोरोक्वीनने ते मरत नाहीत. नवा डास न चावताही ताप उलटतो आणि त्या रोग्याला चावलेला डास जंतू पुढे नेतो. म्हणून हिवताप निर्मूलनाच्या संशोधनात या दडलेल्या जंतूला अग्रक्रम मिळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डासाच्या शरीरात हा जंतू रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत १८९७ साली दाखवला. भारताने १९५८ मध्ये निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. १९६५ च्या सुमारास देशातील रुग्ण वर्षाला एक लाखावर आले. आता संपलेच, असे वाटले. डीडीटी आणि क्लोरोक्वीन हाती असताना नवे संशोधन कशाला, अशी वृत्ती जगभर बळावली. इकडे डास डीडीटीला दाद देईनासे झाले, फवारणीत ढिलाई आली आणि १९७६ साली रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली!

आज लस आली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या ‘आर-२१’ लसीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केली. आफ्रिकेतील बालकांना ती वरदान ठरावी. पण ती ‘फाल्सिपेरम’ जंतूवरची आहे, व्हायवॅक्सवरची नव्हे.

चौदा दिवसांऐवजी एकाच मात्रेचे टॅफेनोक्वीन हे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झाले. अडचण अशी, की ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. प्रायमाक्वीनचाही हाच धोका आहे. गरोदर स्त्रियांना तर दोन्ही देता येत नाहीत. तेव्हा उपकेंद्रात परिचारिकेला करता येईल अशी स्वस्त, खात्रीची रक्तचाचणी आणि गरोदरपणातही निर्धोक असे औषध, ही संशोधकांकडे आमची मागणी आहे.

२०३० पर्यंत हिवतापमुक्तीचे उद्दिष्ट देशाने ठरवले आहे. तोवर आपल्या हातचे तरी करू या. ताप आल्यास रक्त तपासा, गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या आणि लघवी काळसर झाली तर थांबवून लगेच दाखवा. एरवी ताप उतरला तरी चौदावी गोळी चुकवू नका.