अंगठी वितळल्यानंतर

एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. चित्रपटगृह भरलेले आहे. चित्रपट सुरू होऊन अडीच तासांपेक्षा अधिक वेळ झाला आहे. पडद्यावर दुष्टाचा नाश होतो आणि अंधार पसरतो. चित्रपट संपला असे समजून लोक उठू लागतात. कोणी कोट अंगात चढवतो, कोणी झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेतो. तोच पडदा पुन्हा उजळतो! लोक खाली बसतात. थोड्या वेळाने पुन्हा अंधार, पुन्हा उठाउठ आणि पुन्हा उजेड.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या चित्रपटमालिकेचा तिसरा आणि शेवटचा भाग, 'द रिटर्न ऑफ द किंग', १७ डिसेंबर २००३ रोजी प्रदर्शित झाला. तेव्हापासून त्याच्याविषयी एक तक्रार सतत ऐकू येते. या चित्रपटाला एक शेवट नाही, चार-पाच शेवट आहेत, असे लोक म्हणतात. चित्रपट ज्यांना मनापासून आवडला, तेही हसत हसत हेच सांगतात. मला मात्र ही तक्रार पटत नाही. ती लांबलेली वीस मिनिटेच या चित्रपटाचा सर्वांत चांगला भाग आहेत, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्याआधी कथा थोडक्यात सांगतो.

ही कथा ऑक्सफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जे. आर. आर. टोल्कीन यांनी लिहिली. तिचे तीन खंड १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाले. सॉरॉन नावाच्या दुष्ट शक्तीने एक अंगठी घडवलेली असते. जो ती बाळगतो, त्याचे मन ती हळूहळू ताब्यात घेते. ज्या ज्वालामुखीच्या आगीत ती घडली, त्याच आगीत ती टाकली तरच तिचा नाश होणार असतो. हे काम मोठ्या योद्ध्याकडे नव्हे, तर फ्रोडो नावाच्या एका हॉबिटकडे येते. हॉबिट म्हणजे माणसाच्या कमरेएवढ्या उंचीचे, शेतीत आणि खाण्यापिण्यात रमणारे लोक. फ्रोडोबरोबर त्याचा माळी सॅम निघतो.

तुम्ही उर्दूतून 'तिलिस्मे होशरुबा'च्या गोष्टी वाचल्या किंवा ऐकल्या असतील. तिथे तिलिस्म तोडण्यासाठी नायकाला 'लौह' मिळवावी लागते. इथे सारे उलटे आहे. काही मिळवायचे नाही, जवळ आहे ते टाकून द्यायचे आहे. आणि टाकून देणे हे मिळवण्यापेक्षा किती अवघड आहे, हीच खरी कथा आहे. आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो. दास्तानगो आपली दास्तान लांबवत असे, तेव्हा श्रोते त्याची तक्रार करत नसत. तेच तर त्याचे कसब होते.

दिग्दर्शक पीटर जॅक्सन हे न्यूझीलंडचे. त्यांनी तिन्ही चित्रपटांचे चित्रीकरण आपल्या देशातच आणि एकाच वेळी केले. ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू झालेले मुख्य चित्रीकरण डिसेंबर २००० मध्ये संपले. त्याला २७४ दिवस लागले. त्यानंतरही २००१ ते २००३ या काळात नटांना पुनःपुन्हा बोलावून काही दृश्ये नव्याने घेतली गेली. तिन्ही भाग एकत्र घेतल्यामुळे नटांना आज कथेची सुरुवात तर उद्या कथेचा शेवट, असे करावे लागे. हातपाय धडधाकट असलेल्या माणसाने अचानक थकून, खंगून गेल्याचे दाखवायचे, हे सोपे नाही.

पडद्यामागच्या माणसांविषयी तर किती सांगावे! सैनिकांच्या अंगावर कड्यांची चिलखते आहेत. तुम्ही त्यांना 'जिरह' म्हणाल. ती धातूची असती तर त्या भाराने नट थकून गेले असते. म्हणून वेलिंग्टन शहरातील वेटा वर्कशॉपच्या कारागिरांनी प्लास्टिकच्या नळ्या कापून कड्या तयार केल्या, त्या हाताने एकमेकींत गुंफल्या आणि वर धातूचा मुलामा दिला. अशा सुमारे सव्वा कोटी कड्या लागल्या. हे काम करणाऱ्यांच्या बोटांवरील ठसे झिजून गेले. पडद्यावर ते चिलखत काही क्षण दिसते आणि पुढे निघून जाते.

मिनास तिरिथ ही डोंगरावर सात थरांत वसलेली पांढरी राजधानी. तिचा काही भाग वेलिंग्टनजवळच्या दगडाच्या खाणीत खरोखरीच्या उंचीचा उभारला होता. संपूर्ण नगरीची मात्र एक प्रतिकृती केली होती. तिच्यातील प्रत्येक वस्तू मूळ आकाराच्या बहात्तराव्या हिश्श्याची होती, तरीही ती प्रतिकृती दोन मजली घराएवढी उंच भरली. लढाईतील अफाट सैन्यासाठी 'मॅसिव्ह' नावाचा संगणकीय कार्यक्रम खास लिहून घेतला होता. त्यातील प्रत्येक काल्पनिक सैनिक आजूबाजूला पाहून आपली हालचाल आपणच ठरवी.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. फ्रोडो ज्वालामुखीच्या कड्यावर पोहोचतो. अंगठी आगीत टाकायची, एवढेच उरलेले असते. आणि तो टाकत नाही! अंगठी माझी आहे असे म्हणून तो ती बोटात घालतो. नायक ऐन क्षणी हरतो. तेव्हा त्या अंगठीसाठी वेडा झालेला गॉलम त्याच्यावर झडप घालतो आणि त्याचे बोटच दातांनी तोडून अंगठी घेतो. पुढे काय व्हावे, याविषयी जॅक्सन यांचे मन एकदा बदलले. आधी त्यांनी फ्रोडो गॉलमला कड्यावरून ढकलतो असे चित्रित केले होते. तो सरळसरळ खून वाटू लागला. म्हणून पुढे ते दृश्य पुन्हा घेतले. आता दोघे अंगठीसाठी झुंजतात आणि दोघेही कड्यावरून घसरतात. फ्रोडो कसाबसा दगडाला लटकून राहतो. पुस्तकात तर गॉलम आनंदाने नाचता नाचता पाय घसरून पडतो. मला पुस्तकातील प्रसंग अधिक आवडतो. पण चित्रपटातील बदलही अप्रामाणिक नाही, कारण नायक जिंकला असे तो खोटेच सांगत नाही.

विचार करा, अशा माणसाची गोष्ट तिथेच कशी संपवता येईल? जग वाचले, परंतु त्याला ठाऊक आहे की आपण ऐन वेळी कच खाल्ली. राज्याभिषेकाच्या वेळी राजासह सारी प्रजा त्या चार हॉबिटांपुढे झुकते. तिथे चित्रपट संपवला असता तर टाळ्या पडल्या असत्या, लोकही वेळेवर घरी गेले असते. चित्रपट मात्र त्या चौघांबरोबर त्यांच्या गावी जातो. गावात कोणाला कशाचा पत्ता नाही. चौघे खानावळीत एका टेबलाभोवती बसतात. तेवढ्यात कोणीतरी एक भला मोठा भोपळा घेऊन आत येतो आणि सगळे गाव त्या भोपळ्याचे कौतुक करू लागते! जग वाचवून आलेल्यांकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही. चौघे एकमेकांकडे बघतात. बोलत कोणीच नाही. एवढ्या लढाया, एवढे हत्ती, एवढे राक्षस पाहिल्यानंतर माझ्या मनात राहिला तो हा भोपळा.

सॅमचे लग्न होते, त्याचा संसार सुरू होतो. फ्रोडो मात्र रमत नाही. प्रवासाच्या सुरुवातीला खांद्यावर झालेली जखम चार वर्षांनंतरही दुखत राहते. शेवटी तो बंदरावर जाऊन जहाजात बसतो आणि कायमचा निघून जातो. ज्या गावासाठी त्याने हे सारे केले, तेच गाव त्याला मिळत नाही. टोल्कीन १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते. पहिले महायुद्ध संपले तेव्हा त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एकच जिवंत उरला होता. आपली कथा म्हणजे कोणत्याही युद्धाचे रूपक नाही, असे ते आग्रहाने सांगत. ते खरेच असणार. पण घरी परतूनही न परतलेला माणूस त्यांनी जवळून पाहिला होता, याविषयी मला शंका नाही.

चित्रपटात मला दोष दिसत नाहीत असे नव्हे. पुस्तकात हॉबिट परततात तेव्हा सारुमान या जादूगाराने त्यांच्या गावाचीच नासाडी केलेली असते आणि त्यांना तिथेही लढावे लागते. तो भाग चित्रपटात नाही. तो असता तर भोपळा नसता, हे मी मान्य करतो. पण चित्रपटगृहात दाखवलेल्या प्रतीत सारुमानचे एकही दृश्य ठेवले नव्हते, याला काय म्हणावे? ती भूमिका करणारे वयोवृद्ध नट ख्रिस्तोफर ली हे साऱ्या नटसंचातील टोल्कीनना प्रत्यक्ष भेटलेले एकमेव. ते नाराज झाले आणि चित्रपटाच्या पहिल्या खेळाला गेले नाहीत. त्यांचे दृश्य पुढे २००४ मधील विस्तारित प्रतीत आले. शेवटासाठी वीस मिनिटे होती, तर एका प्रमुख खलनायकाच्या शेवटासाठी काही मिनिटे काढता आली असती.

प्रेक्षकांनी या चित्रपटाचे स्वागत जोरात केले. वेलिंग्टनमध्ये १ डिसेंबर २००३ रोजी पहिला खेळ झाला, तेव्हा नटांना पाहण्यासाठी रस्त्यांवर प्रचंड गर्दी लोटली. जगभरात शंभर कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवणारा, 'टायटॅनिक'नंतरचा हा दुसराच चित्रपट ठरला. २९ फेब्रुवारी २००४ रोजी ऑस्कर पारितोषिके जाहीर झाली. अकरा विभागांत नामांकन होते आणि अकराही पारितोषिके मिळाली. परीकथेसारख्या अद्भुत विषयावरील चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान तेव्हा प्रथमच मिळाला. मात्र अभिनयासाठी एकाचेही नाव नव्हते. गॉलमचे रूप संगणकाने घडवले, पण आवाज आणि हालचाली अँडी सर्किस या नटाच्या होत्या. त्यांना साधे नामांकनही मिळू नये, हे मला अन्यायाचे वाटते. सॅमची भूमिका करणारे शॉन ॲस्टिन यांच्याविषयीही मी तेच म्हणेन.

बंदरावरच्या त्या निरोपाची एक हकिकत आहे. ते दृश्य घेताना चौघे नट दिवसभर रडले. मग लक्षात आले, की दुपारच्या जेवणानंतर ॲस्टिन आपले जाकीट घालायला विसरले होते. अर्ध्या दृश्यात जाकीट, अर्ध्यात नाही! सगळे पुन्हा रडले. या वेळी चित्रफीत धुऊन आल्यावर दृश्य अंधुक निघाले, कॅमेऱ्यात बिघाड होता. मग तिसऱ्यांदा तेच बंदर, तेच जहाज आणि तेच अश्रू. पडद्यावर आपण पाहतो, ते त्यांचे तिसऱ्या वेळचे रडणे आहे.