आधी हिशेब, मग भूमिपूजन

संपादक महोदय,



'नवे नगरसेवक येऊन इतके महिने झाले, अजून एक नारळ फुटला नाही', अशी ओरड आमच्या गावात चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे चालू आहे. ती मला मान्य नाही. डिसेंबर 2025 मध्ये राज्यातल्या ज्या नगरपरिषदांत नवे कारभारी निवडून आले, तिथे थोड्याफार फरकाने हेच बोलले जात असणार, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्याकडे 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या मंडळाची मुदत पाच वर्षांनी संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे निवडणूकच झाली नाही. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असे 74 वी घटनादुरुस्ती स्पष्ट सांगते. पण ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचे बदलते नियम आणि कोर्टाच्या तारखा यांत ते राहून गेले. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुठे चक्र फिरले. मधल्या काळात प्रशासक होते. बऱ्याच ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक. म्हणजे सकाळी सभा म्हणून ठराव मंजूर करायचा आणि दुपारी अधिकारी म्हणून त्याच कामाचा कार्यादेश काढायचा, दोन्हीवर सही एकाच माणसाची. त्यातले काही अधिकारी सचोटीचे होते, हे मी मान्य करते. पण 'हे काम कशाला?' असे विचारणारा एकही माणूस समोर नसेल, तर सचोटीच्या अधिकाऱ्याच्या सहीखालूनही नको ती फाइल निघून जाते. शिवाय 15 व्या वित्त आयोगाच्या अनुदानाला निवडून आलेली संस्था असण्याची अट होती, तो फटका वेगळाच.

मात्र सगळे खापर प्रशासकांवर फोडणे हा अन्याय होईल. त्याआधीची निवडून आलेली सभा तरी काय करत होती? विषयपत्रिकेवर असायचे आठ-दहा किरकोळ विषय आणि लाखांची कामे यायची 'ऐनवेळचे विषय' म्हणून, सभा संपता संपता. सूचक ठरलेला, अनुमोदक ठरलेला. दहा मिनिटांत राष्ट्रगीत. इतिवृत्त पुढच्या सभेपर्यंत कोणाच्या हाती लागायचे नाही. विरोधकही गप्प, कारण प्रभागनिहाय वाटणी सगळ्यांना मिळत होती.

आता नव्या मंडळाने काय केले ते सांगते. नगरपरिषदेची सभा नागरिकांना खुली असते, मी जाऊन बसते. पहिल्या काही सभांत नगराध्यक्षांनी नवी कामे बाजूला ठेवून मागच्या बिलांच्या फाइली मागवल्या. त्यात गटाराची दोन कामे निघाली. एकाचे नाव होते अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या दुकानापर्यंत बंदिस्त गटार बांधणे. दुसऱ्याचे नाव तमुक यांच्या दुकानापासून अमुक यांच्या घरापर्यंत. गटार एकच, ते फक्त दोन टोकांनी मोजलेले. दोन्हींच्या एम.बी. (मोजमाप पुस्तिका) भरलेल्या, दोन्ही बिले अदा. ठेकेदाराचे नाव मात्र वेगवेगळे. सभागृहात कोणी हसले नाही. त्या गटाराचे पाणी दर पावसाळ्यात मंडईत शिरते आणि भाजीवाल्या बायका गुडघाभर पाण्यात टोपल्या उचलत असतात, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते.

या एका फाइलसाठी जो वेळ गेला त्याला काही जण 'विकास थांबला' म्हणतात. मी म्हणते, चार-पाच वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी कारभार केला.

याशिवायही गोष्टी घडल्या. कुठल्या भागात कधी पाणी सुटणार याचे वेळापत्रक पाण्याच्या टाकीपाशी फळ्यावर लागले आणि बहुतेक दिवस ते पाळलेही जाते. पूर्वी पाणी सोडणाऱ्या माणसाचा मोबाइल नंबर ज्याच्याकडे, त्याच्या नळाला धार अशी स्थिती होती. ठेकेदारांची बिले आवक क्रमांकाने निघू लागली. इतिवृत्त नोटीस बोर्डावर येते. जन्म-मृत्यूच्या दाखल्याला एजंट लागत नाही. यात फोटो काढण्यासारखे काही नाही, म्हणूनच ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

'मागचे उकरून काय मिळणार, खाणारे खाऊन गेले', हा युक्तिवाद तर मला धोकादायक वाटतो. आज नव्या कामांची अंदाजपत्रके त्याच सवयीने, त्याच टेबलांवर तयार होत आहेत. ई-निविदेची मर्यादा टाळायला एका रस्त्याचे चार तुकडे पाडायची युक्ती कोणी विसरलेले नाही. जुन्या फाइली न बघता नवे नारळ फोडले, तर तीच गटारे पुन्हा दोन टोकांनी मोजली जातील. आणि पैसा कुठून आणणार? घरपट्टीची वसुली वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, सामान्य माणूस तिच्या धाकाने भरतोही. पण आपला पैसा कुठे गेला हे त्याला सांगितले नाही, तर तो मनापासून भरणार नाही.

इथे मला नव्या मंडळाशीही भांडायचे आहे. मार्चमध्ये थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवायला पथक पाठवले, ते गेले कुठे? दोन खोल्यांच्या घरांपुढे. मंगल कार्यालये, व्यापारी संकुले आणि माजी पदाधिकाऱ्यांच्या मिळकतींपुढे ढोल वाजल्याचे मी तरी ऐकले नाही. सर्वांत मोठ्या थकबाकीपासून खाली अशी यादी लावावी आणि त्याच क्रमाने वसुली करावी. दुसरे म्हणजे ठराव अजूनही 'सर्वानुमते मंजूर' या दोन शब्दांत उरकले जातात. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी पुणे नगरपालिकेने हजार रुपये खर्च करायचे ठरवले, तेव्हा सदस्य असलेल्या महात्मा फुले यांनी एकट्याने विरोध केला. ही 1880 ची गोष्ट. तो विरोध आज आपल्याला ठाऊक आहे, कारण कोणी बाजूने आणि कोणी विरुद्ध हे तेव्हा झाकले गेले नाही. माझ्या प्रभागाच्या दोन नगरसेवकांनी कुठल्या ठरावाला हात वर केला, हे इतिवृत्तात नावानिशी का नसावे?

स्थानिक निधी लेखापरीक्षेचे आक्षेप वर्षानुवर्षे 'अनुपालन प्रगतीत' असा शेरा मारून कपाटात पडून आहेत. कोणत्या वर्षाचा, किती रकमेचा आक्षेप आहे, वसूलपात्र रक्कम कोणाकडून घ्यायची आणि कधीपर्यंत, हे सारे मराठीत, साध्या तक्त्यात सभेपुढे आले पाहिजे. रस्ते, बाग, प्रवेशद्वाराची कमान हे सगळे त्यानंतर. गावकऱ्यांनी तोवर थोडा धीर धरावा आणि नगरसेवकांनी ओरडीला घाबरून एकही घाईचा नारळ फोडू नये.

पुढच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका अजून निघायची आहे. लेखापरीक्षणातील आक्षेपांचा विषय तिच्यावर पहिल्या क्रमांकाला घ्यावा, ऐनवेळचा म्हणून नको, अशी नगराध्यक्षांना आपल्या दैनिकातून जाहीर विनंती करते. या मागणीचा लेखी अर्ज मी आवक विभागात दिला असून पोच घेतली आहे.

आपली,
घरपट्टी वेळेवर भरणारी एक वाचक